टेबलात 'चालू' रेकॉर्ड एकच कसं राहील?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर, एकाच डेटाबेसमध्ये अनेक सोसायट्या. 'वर्षे' नावाच्या टेबलात प्रत्येक सोसायटीची आर्थिक वर्षं आणि प्रत्येक वर्षापुढे 'चालू' असा खरं-खोटं फ्लॅग. एका सोसायटीचं एका वेळी एकच वर्ष चालू असावं असा नियम. 'नवीन वर्ष सुरू करा' हे बटण दाबलं की कोड आधी त्या सोसायटीच्या सगळ्या वर्षांचा फ्लॅग काढतो आणि मग नवीन वर्ष फ्लॅगसकट घालतो. हे सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही अशा एका गठ्ठ्यात. तरीही एका सोसायटीत २०२५-२६ ही ओळ दोनदा निघाली, दोन्ही चालू. मेंटेनन्सच्या काही पावत्या एकीवर लागल्या, काही दुसरीवर, आणि तेरीज (ट्रायल बॅलन्स) जुळेना. डेटाबेस पोस्टग्रेस आहे, एका जुन्या ग्राहकाकडे मायएसक्यूएल आहे. तपासणी कोडमध्ये नेमकी कुठे घालायची, असं विचारलं आहे.

तपासणी कोडमध्ये कुठेही घातलीत तरी ती पुरणार नाही. तुमचा कोड वाचला तर त्यात चूक दिसत नाही, आणि म्हणूनच हा प्रकार लोकांना चकवतो. चूक दिसते ती तो कोड दोनदा एकाच वेळी चालवून बघितल्यावर.

सेक्रेटरींनी बटण दाबलं, चक्र फिरत राहिलं, त्यांनी पुन्हा दाबलं. सर्व्हरकडे दोन विनंत्या आल्या आणि दोन ट्रान्झॅक्शनं सुरू झाली. पहिल्याने २०२४-२५ चा फ्लॅग काढला, म्हणजे ती ओळ त्याने लॉक केली. दुसरं तोच अपडेट करायला गेलं आणि त्या ओळीपाशी थांबलं. पहिल्याने २०२५-२६ ची नवीन ओळ चालू म्हणून घातली आणि कमिट केलं, म्हणजे बदल पक्के केले. आता दुसरं जागं झालं. ट्रान्झॅक्शनं एकमेकांपासून वेगळी ठेवण्याची पोस्टग्रेसची नेहमीची पातळी 'रीड कमिटेड'. तिच्यात एखादं अपडेट सुरू होतं त्या क्षणी जे कमिट झालेलं असतं तेवढंच त्याला दिसतं. दुसरं अपडेट सुरू झालं तेव्हा २०२५-२६ ची ओळ नव्हतीच. ज्या ओळीसाठी ते थांबलं होतं तेवढी ते नव्याने तपासतं: हिचा फ्लॅग आधीच निघालाय, ठीक. शेजारी नुकत्याच आलेल्या ओळीकडे ते ढुंकूनही बघत नाही. मग ते आपली स्वतःची २०२५-२६ घालतं आणि कमिट करतं. दोघांनीही नियम पाळले आणि टेबलात दोन चालू वर्षं झाली.

तुमच्या त्या दोन ओळींची 'तयार झाल्याची वेळ' काढून बघा. पोस्टग्रेसचं नाउ हे फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, त्यामुळे त्या दोन वेळांत फार तर एखाद्या सेकंदाचा फरक असेल. तसं असेल तर तुमच्याकडे घडलं ते हेच. फरक काही तासांचा निघाला, तर मात्र कुठल्या तरी दुसऱ्याच वाटेने, एखाद्या इम्पोर्ट स्क्रिप्टमधून किंवा कुणी हाताने चालवलेल्या क्वेरीतून, ती ओळ आली आहे.

बटण एकदा दाबल्यावर बंद करा, असं कुणीतरी सुचवेलच. करा, चांगलं आहे. पण मोबाइल नेटवर्क अडखळलं की विनंती परत पाठवणारे घटक मध्ये बरेच असतात, आणि खजिनदारांच्या लॅपटॉपवर तीच स्क्रीन दुसऱ्या टॅबमध्ये उघडी असू शकते. बटण बंद करण्याने प्रसंग कमी होतात, नियम पाळला जाईलच याची हमी मिळत नाही.

उपायाकडे जाण्याआधी मला तुमच्या फ्लॅगबद्दलच एक शंका आहे, आणि माझ्या मते खरा प्रश्न तिथे आहे. 'चालू' म्हणजे काय? सोसायटीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, पण त्याचं काम संपत नाही. जुन्या वर्षाचं ऑडिट होतं, दुरुस्तीच्या नोंदी पडतात, वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. त्याच काळात नवीन वर्षाची मेंटेनन्सची बिलं मात्र एप्रिलपासून निघत असतात. म्हणजे 'नोंदी करायला खुलं' या अर्थाने दोन वर्षं एकाच वेळी चालू असणं हे अगदी रीतसर आहे. 'स्क्रीन उघडल्यावर आधी दिसणारं वर्ष' या अर्थाने मात्र एकच हवं. तुमचा एक फ्लॅग ही दोन्ही कामं करतोय असं वाटतं. तसं असेल तर ती वेगळी करा: प्रत्येक वर्षाला 'बंद केल्याची तारीख' असा स्वतंत्र कॉलम, त्यावर एकच असण्याचं बंधन नाही, आणि 'स्क्रीनवरचं वर्ष' ही निराळी गोष्ट, त्यावर बंधन.

आणि पावती कोणत्या वर्षाची हे फ्लॅगवरून ठरवूच नका, पावतीच्या तारखेवरून ठरवा. २८ मार्चचा चेक ४ एप्रिलला कुणी नोंदवला तर तो जुन्या वर्षातच पडायला हवा, स्क्रीनवर कोणतंही वर्ष असलं तरी. एवढं केलंत तर फ्लॅग चुकून बिघडला तरी हिशेब बिघडणार नाही. अर्थात तुमच्याकडे २०२५-२६ च दोनदा आहे, त्यामुळे तारखेवरून शोधतानाही दोन वर्षं सापडतील. त्यावरचा इलाज फ्लॅगशी संबंधित नाही: सोसायटी आणि वर्षाची सुरुवातीची तारीख या जोडीवर साधं युनिक बंधन, म्हणजे तीच जोडी दुसऱ्या ओळीत येऊ न देणारं. ते आज नाही याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं. आणखी काटेकोर व्हायचं असेल तर पोस्टग्रेसमध्ये दोन वर्षांच्या तारखा एकमेकींवर चढू नयेत असं एक्सक्लूजन बंधनही घालता येतं, पण निम्मं काम त्या साध्या युनिकनेच होतं.

आता फ्लॅग. पहिल्यांदा सगळ्यांच्या मनात येतं ते म्हणजे सोसायटी आणि चालू या दोन कॉलमांवर युनिक बंधन. ते चालत नाही. त्याने 'चालू = खरं' एकच राहील हे खरं, पण 'चालू = खोटं' ही ओळसुद्धा एका सोसायटीत एकच राहील. तिसरं वर्ष घालायला गेलात की एरर. पहिली दोन वर्षं सगळं सुरळीत चालतं, म्हणून हे चाचणीत सापडत नाही आणि ग्राहकाकडे तिसऱ्या एप्रिलमध्ये सापडतं.

हवा आहे तो अर्धवट, म्हणजे पार्शल, युनिक इंडेक्स. सगळ्या ओळींवर न लागता फक्त फ्लॅग खरा असलेल्या ओळींवर लागणारा. (कीवर्ड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना नेहमीचे वापरा.)

क्रिएट युनिक इंडेक्स एका_सोसायटीचं_एक_चालू_वर्ष
ऑन वर्षे (सोसायटी_आयडी) व्हेअर चालू;

एवढंच. सोसायटी क्रमांक ४२ साठी या इंडेक्समध्ये फार तर एक नोंद असू शकते, कारण खोटा फ्लॅग असलेल्या ओळी त्यात जातच नाहीत. म्हणून हा इंडेक्स इवलासा राहतो, आणि '४२ चं चालू वर्ष कोणतं' ही क्वेरी, जी तुमच्या जवळपास प्रत्येक स्क्रीनवर चालत असणार, तीही याच इंडेक्सवरून होते. फ्लॅगच्या कॉलमला नॉट नल आणि डिफॉल्ट फॉल्स नक्की लावा. नाहीतर खरं, खोटं आणि 'माहीत नाही' अशा तीन अवस्था होतात आणि कधीतरी कुणीतरी 'व्हेअर चालू = फॉल्स' लिहून नल असलेल्या ओळी हरवून बसतं.

सोसायटीनिहाय नसून अख्ख्या टेबलात मिळून एकच ओळ चालू हवी असेल, उदाहरणार्थ करांच्या दरांचा एकच लागू संच, तर इंडेक्स त्या चालू कॉलमवरच करा आणि अट तीच ठेवा. आत येणाऱ्या प्रत्येक ओळीची किंमत 'खरं' हीच, म्हणून दुसरी ओळ आत येऊ शकत नाही.

हा इंडेक्स लावल्यावर वरच्या प्रसंगात काय होतं? सगळं तसंच घडतं, फक्त दुसऱ्या ट्रान्झॅक्शनचं इन्सर्ट २३५०५ या कोडची एरर देतं. तुमच्या कोडने ती ओळखून सेक्रेटरींना 'हे वर्ष आधीच सुरू झालं आहे' असं दाखवायचं. लाल पानभर स्टॅक ट्रेस नको. पोस्टग्रेसमध्ये एरर आली की ते ट्रान्झॅक्शन पुढे वापरता येत नाही, रोलबॅक करावंच लागतं (सगळं मागे घ्यावं लागतं) किंवा आधी सेव्हपॉइंट (मध्येच परतायची खूण) ठेवावा लागतो, हे लक्षात असू द्या. 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (अडलं तर काहीच करू नको) वापरणार असाल तर त्यातही कंसात सोसायटी_आयडी लिहून पुढे तीच 'व्हेअर चालू' अट लिहा. कंस लिहून अट गाळलीत तर पोस्टग्रेस म्हणतं की असा इंडेक्स मला सापडत नाही.

इथे एक खाच आहे, आणि ती इंडेक्स लावल्यावर महिन्याभराने टोचते. वर्ष बदलण्यासाठी बरेच जण हुशारीने एकच अपडेट लिहितात: सोसायटी ४२ च्या सगळ्या ओळींत चालूची किंमत 'आयडी बरोबर १७ आहे का' या उत्तराएवढी करा. दिसायला सुंदर. पण पोस्टग्रेस युनिक इंडेक्स ओळीगणिक तपासतं, अपडेट पूर्ण होईपर्यंत थांबत नाही. आधी जुन्या वर्षाची ओळ हाती लागली तर फ्लॅग निघतो, मग नवीनला लागतो, सगळं छान. आधी नवीन ओळ हाती लागली तर क्षणभर दोन चालू होतात आणि एरर येते. ओळी कोणत्या क्रमाने हाती लागतील हे टेबलातल्या त्यांच्या जागेवर अवलंबून, आणि ती जागा अपडेट आणि व्हॅक्यूमनुसार (जुन्या ओळींच्या साफसफाईनुसार) बदलत राहते. म्हणजे तुमच्या मशीनवर चालतं आणि ग्राहकाकडे कधीतरी पडतं. म्हणून दोन वेगळी अपडेट्स ठेवा: आधी काढा, मग लावा. तुम्ही ते आत्ताही तसंच करताय, ते मोडू नका.

ओआरएम (कोडमधल्या ऑब्जेक्टवरून स्वतः एसक्यूएल बनवणारं साधन) वापरत असाल तर हा क्रम तुमच्या हातात नसतो, आणि तिथे अडकलेले लोक मी बरेच पाहिलेत. हायबरनेट हे जावाचं ओआरएम फ्लश करताना, म्हणजे साठवलेले बदल डेटाबेसकडे पाठवताना, आधी इन्सर्ट पाठवतं आणि नंतर अपडेट. तुम्ही जावामध्ये आधी जुन्याचा फ्लॅग काढून मग नवीन ऑब्जेक्ट सेव्ह केलंत तरी डेटाबेसकडे नवीन ओळ आधी पोचते आणि इंडेक्स तिला अडवतो. मग कुणीतरी वैतागून इंडेक्सच काढून टाकतं. फ्लॅग काढल्यावर मध्येच स्वतः फ्लश करा, प्रश्न मिटतो. पायथॉनच्या जँगोत २०१९ सालच्या २.२ आवृत्तीपासून युनिक कन्स्ट्रेंटला अट देता येते, तेव्हा असा इंडेक्स मायग्रेशनमध्ये हाताने एसक्यूएल न लिहिता येतो. रुबीच्या रेल्समध्येही इंडेक्स घालताना व्हेअर देता येतं.

एकाच अपडेटचा हट्टच असेल, किंवा क्रम खरंच हातात नसेल, तर पोस्टग्रेसमध्ये आणखी एक वाट आहे. पार्शल युनिक इंडेक्सची तपासणी कमिटपर्यंत लांबवता येत नाही, पण एक्सक्लूजन बंधनाची येते, आणि त्याला अटही लावता येते: 'एक्सक्लूड युझिंग बीट्री (सोसायटी_आयडी विथ =) व्हेअर (चालू) डिफरेबल इनिशियली डिफर्ड'. मधल्या काळात दोन चालू असले तरी चालतात, कमिटच्या क्षणी एकच हवं. याची किंमत अशी की एरर उशिरा, थेट कमिटवर येते, आणि अशा लांबणीच्या बंधनावर ऑन कॉन्फ्लिक्ट चालत नाही. मी हे क्वचितच वापरतो.

जुन्या ग्राहकाच्या मायएसक्यूएलकडे येऊ. तिथे पार्शल इंडेक्स नाही. पण तिथल्या युनिक इंडेक्समध्ये नल कितीही चालतात, आणि तेच वापरायचं. एक जनरेटेड कॉलम (डेटाबेस स्वतः हिशेबाने भरतो असा) करा: चालू १ असेल तर त्याची किंमत सोसायटी_आयडी, नाहीतर नल. त्या कॉलमवर युनिक इंडेक्स. जनरेटेड कॉलम ५.७ पासून आहेत. ८.०.१३ पासून तर वेगळा कॉलमही नको, तीच केस-व्हेन इंडेक्समध्ये थेट लिहिता येते. कॉलम व्हर्च्युअल (वाचताना काढला जाणारा) ठेवा, स्टोअर्ड (साठवलेला) नको, कारण स्टोअर्ड ठेवलात तर सोसायटी_आयडीच्या फॉरेन कीवर (दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी बांधणाऱ्या बंधनावर) कॅस्केड, म्हणजे तिकडचा बदल इकडे आपोआप होणं, लावता येत नाही. मायएसक्यूएलसुद्धा युनिक ओळीगणिकच तपासतं, पण तिथे अपडेटला ऑर्डर बाय देता येतो. 'चालू डिसेंडिंग' असा क्रम दिलात की जुनी ओळ आधी हाती लागते.

५.७ पेक्षाही जुनं असेल तर फ्लॅगची किंमत १ किंवा नल, शून्य कधीच नाही, असा जुना तोडगा आहे, आणि सोसायटी व फ्लॅग या जोडीवर युनिक. पण शून्य येऊ न देणारं चेक बंधन मायएसक्यूएल ८.०.१६ पर्यंत वाचून चक्क सोडून देत असे, एररही न देता. तेव्हा तिथे भिस्त तुमच्या कोडवरच. आणि टेबल मायआयसॅम या जुन्या साठवण प्रकारचं तर नाही ना हे आधी बघा. ५.५ पासून इनोडीबी हा डिफॉल्ट झाला, त्याआधीपासून चालत आलेल्या डेटाबेसमध्ये मायआयसॅम अजून सापडतं. तिथे ट्रान्झॅक्शनच नाहीत, मग वरची निम्मी चर्चा फोल.

बाकीचे झटपट. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८ पासून फिल्टर्ड इंडेक्स आहे, तोच उपाय, फक्त तिथे नलची युक्ती चालत नाही कारण युनिकमध्ये नलसुद्धा एकदाच चालतो. ओरॅकलमध्ये केस-व्हेनवर फंक्शन इंडेक्स, पूर्ण नल असलेली किल्ली तिथे इंडेक्समध्ये जातच नाही. एसक्यूलाइटमध्ये ३.८.० पासून पार्शल इंडेक्स आहे.

आता दुसरी बाजू. हे सगळे इंडेक्स म्हणतात 'एकापेक्षा जास्त नको'. 'एक तरी हवं' असं त्यांतला कुणीच म्हणत नाही. फ्लॅग काढला आणि लावायचं अपडेट राहिलं, किंवा चालू वर्षाची ओळच कुणी उडवली, तर सोसायटीला चालू वर्षच नाही, आणि इंडेक्सला त्याचं काही नाही. चालू वर्षाऐवजी प्रश्न एखाद्या ग्राहकाच्या नेहमीच्या पत्त्याचा असता तर तो नसला तरी चाललं असतं, ऑर्डर देताना विचारता आलं असतं. तुमच्याकडे चालू वर्षाशिवाय स्क्रीनच उघडत नसेल, तर तुमचा नियम 'नेमकं एक' असा आहे आणि त्यासाठी फ्लॅग हे मुळात चुकीचं हत्यार आहे.

त्यासाठी दिशा उलटी करा. प्रत्येक वर्षाच्या कपाळी टिळा लावत बसण्यापेक्षा सोसायटीच्या वहीत एकच नाव लिहा: सोसायट्यांच्या टेबलात 'चालू_वर्ष_आयडी' हा कॉलम. एका कॉलमात एकच किंमत मावते, म्हणून दोन चालू वर्षं ही अवस्था लिहून ठेवायला जागाच उरत नाही. नॉट नल केलंत की शून्यही गेलं. बदल करायचा तर एका ओळीचं एक अपडेट. दोन जणांनी एकदम केलं तर जो नंतर करेल त्याचं राहील, पण दोन्ही कधीच राहणार नाहीत.

हे करताना फॉरेन की साधी ठेवू नका. साधी ठेवली तर सोसायटी ४२ च्या चालू वर्षात सोसायटी ५१ च्या वर्षाचा आयडी बसला तरी डेटाबेस हसत घेईल, कारण तसं वर्ष आहे खरं. एका डेटाबेसमध्ये अनेक सोसायट्या असताना हा धोका खरा आहे. म्हणून वर्षांच्या टेबलात (सोसायटी_आयडी, आयडी) या जोडीवर युनिक घाला आणि सोसायट्यांच्या टेबलातून (आयडी, चालू_वर्ष_आयडी) ही जोडी तिकडे फॉरेन की म्हणून बांधा. मग दुसऱ्याचं वर्ष घुसूच शकत नाही.

नवीन सोसायटी घालताना मात्र तिढा पडतो: सोसायटीला वर्ष हवं, वर्षाला सोसायटी हवी. पोस्टग्रेसमध्ये ही फॉरेन की डिफर्ड (कमिटपर्यंत लांबवलेली) करा, सिक्वेन्समधून (क्रमांक देणाऱ्या यंत्रणेतून) वर्षाचा आयडी आधीच काढून घ्या, आणि एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दोन्ही ओळी घाला. नॉट नल लांबवता येत नाही, म्हणून आयडी आधी काढणं आलंच. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये लांबणीच्या फॉरेन की नाहीत. तिथे कॉलमला नल चालू द्यावा लागतो, किंवा सोसायटी_आयडी हीच प्रायमरी की असलेलं 'चालू_वर्ष' असं छोटं तिसरं टेबल करावं लागतं. ओळ उडवण्याबाबत म्हणाल तर फॉरेन कीचा नेहमीचा स्वभावच ठेवा, म्हणजे चालू वर्ष उडवायला गेलं की नकार मिळेल. 'उडवलं की नल कर' हा पर्याय जोडीच्या कीवर लावलात तर तो दोन्ही कॉलम नल करायला जातो, आणि त्यातला एक सोसायटीची प्रायमरी की आहे. पोस्टग्रेस १५ पासून नेमका कोणता कॉलम नल करायचा ते सांगता येतं. पत्त्यांसारख्या ठिकाणी ते उपयोगी, इथे नको.

तर दोन्हींपैकी कोणतं? नवीन सॉफ्टवेअर लिहीत असता तर मी बेलाशक दुसरं, म्हणजे 'चालू_वर्ष_आयडी' हा पॉइंटर, म्हटलं असतं. तुमच्याकडे चाळीस रिपोर्टांत 'व्हेअर चालू' लिहिलेलं असेल, तर आज इंडेक्स लावा, ते दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढच्या मोठ्या बदलात पॉइंटरकडे जा. तेव्हा जुन्या रिपोर्टांसाठी चालू हा कॉलम व्ह्यूमध्ये (टेबलासारख्या दिसणाऱ्या साठवलेल्या क्वेरीत) हिशेबाने काढून द्या. फ्लॅग आणि पॉइंटर दोन्ही टेबलांत ठेवून त्यांचा मेळ घालत बसू नका. मग 'कोणावर विश्वास ठेवायचा' हा नवाच प्रश्न उभा राहतो. कोणतं वर्ष कधी आणि कोणी चालू केलं हे ऑडिटरला दाखवावं लागत असेल, तर 'पासून' आणि 'पर्यंत' असलेलं नोंदींचं टेबल करा आणि 'पर्यंत' नल असलेल्या ओळींवर तोच पार्शल युनिक लावा.

लॉकबद्दल दोन शब्द, कारण ते कुणीतरी सुचवेल. ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला सोसायटीची ओळ 'सिलेक्ट फॉर अपडेट' ने धरली तर वरची दोन ट्रान्झॅक्शनांची शर्यत खरंच थांबते, आणि मी इंडेक्सच्या जोडीला ते करतोही, कारण दुसऱ्याला एरर मिळण्याऐवजी तो शांतपणे थांबतो आणि मग ताजी स्थिती बघतो. पण ते करायचं प्रत्येक वाटेने लक्षात ठेवावं लागतं. पोस्टग्रेसची सिरियलायझेबल ही सगळ्यात कडक पातळीही दुसऱ्याला ४०००१ या कोडची एरर देऊन अडवते, पण मग ती सगळीकडे वापरा आणि पुन्हा प्रयत्न करणारा कोड लिहा. ट्रिगरचा (टेबलात बदल झाला की आपोआप चालणाऱ्या कोडचा) नाद सोडा. ट्रिगरलाही दुसऱ्याचं कमिट न झालेलं दिसत नाही, म्हणजे शर्यत तशीच राहते. शिवाय ओरॅकलमध्ये म्युटेटिंग टेबलची (बदलत असलेलंच टेबल वाचल्याची) एरर, आणि मायएसक्यूएलमध्ये ट्रिगरमधून त्याच टेबलाचं अपडेट मुळात चालतच नाही.

राहिली साफसफाई, कारण आत्ता दोन चालू ओळी असताना इंडेक्स तयारच होणार नाही. सोसायटीनिहाय ग्रुप बाय, हॅविंग काउंट एकापेक्षा जास्त, अशी यादी काढा. तुम्हाला एक सापडलीय, आणखी निघतील. दोन्ही २०२५-२६ पैकी जिच्यावर जास्त पावत्या आहेत ती ठेवा, दुसरीवरच्या पावत्या, बिलं आणि आरंभीच्या शिलका तिच्याकडे वळवा. शिलका वळवताना बेरीज करू नका, त्या बहुधा दोन्हीकडे तशाच्या तशा आलेल्या असतील. पावती क्रमांक वर्षागणिक १ पासून सुरू होत असतील तर दोन्हीकडे १, २, ३ सापडतील. छापून सभासदांच्या हाती गेलेल्या पावतीचा क्रमांक बदलू नका. दुसऱ्या ओळीवरच्या पावत्यांना सॉफ्टवेअरमध्ये वेगळं मालिका-अक्षर द्या आणि तसं सोसायटीच्या अकाउंटंटला लेखी कळवा. हे त्यांच्या संमतीशिवाय रात्रीच्या स्क्रिप्टने उरकायचं काम नाही.

वर्षांचं टेबल छोटं असतं, इंडेक्स डोळ्याची पापणी लवेपर्यंत होईल. हाच उपाय लाखो ओळींच्या टेबलावर करायचा असेल तर क्रिएट इंडेक्स कन्करंटली (टेबलातलं लिहिणं न थांबवता इंडेक्स बनवणारं) वापरा. ते ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, म्हणून मायग्रेशनच्या साधनाला तसं सांगावं लागतं. मध्ये दुहेरी ओळ सापडून ते फसलं तर 'इनव्हॅलिड' इंडेक्स मागे राहतो, आणि तो क्वेरीच्या उपयोगाचा नसला तरी नव्या ओळींना अडवू शकतो. तो ड्रॉप करा, ओळी साफ करा, पुन्हा लावा.

लावून झाल्यावर दोन टर्मिनल उघडून बघा. दोन्हीत बिगिन. पहिल्यात फ्लॅग काढायचं अपडेट, मग दुसऱ्यात तेच अपडेट, ते अडकून बसेल. पहिल्यात नवीन वर्षाचं इन्सर्ट आणि कमिट. दुसरं सुटेल आणि अपडेटमध्ये 'व्हेअर चालू' अट असेल तर शून्य ओळी बदलल्या असं सांगेल. आता दुसऱ्यात इन्सर्ट चालवा: डुप्लिकेट की अशी एरर यायला हवी आणि तिच्यात बंधनाचं नाव दिसायला हवं. वर सांगितलेलं तारखेचं युनिकही लावलं असेल तर कदाचित त्याचं नाव दिसेल, म्हणून फ्लॅगच्या इंडेक्सची चाचणी घेताना दुसऱ्या इन्सर्टला वेगळी तारीख द्या. तुमचा कोड याच नावावरून ठरवणार आहे की सेक्रेटरींना कोणता निरोप दाखवायचा, तेव्हा दोन्हींची नावं स्वतः द्या, आपोआप पडलेली ठेवू नका.